हातगुण

बाबा,

गेल्या शनिवारी मी जुगार खेळले. भर दुपारी, एका मोठ्या मांडवाखाली, अनोळखी बायकांच्या खांद्याला खांदा लावून. आणि शेवटी हरले. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते हसतील, आणि आईला फोनवर सांगितलं तर ती फोन ठेवून देवासमोर जाऊन बसेल. तुम्ही हसला नसतात. तुम्ही आधी विचारलं असतंत, कोणता खेळ, किती जण होते, आणि समोर कोण बसलं होतं. तुम्ही गेलात तेव्हा मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. त्याला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत मी पत्त्याला हात लावलेला नाही. तत्त्व म्हणून नव्हे, नुसत्या भीतीनं. इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूला, आमच्या ओळखीत दर दिवाळीला कुणाच्या तरी घरी तीन पत्ती होते. फराळ होतो, जेवण होतं, मग कार्पेटवर पांढरी चादर अंथरली जाते. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे, सगळे गोल करून बसतात. 'वहिनी, बसा ना यार, क्वार्टरच्या नाण्यांवर खेळतोय, जस्ट फन,' असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं, आणि दरवर्षी मी किचनमध्ये जाऊन कुणी न मागितलेला चहा ठेवते. नवरा कौतुकानं सांगतो, 'आमच्या हिला पत्त्यांची अ‍ॅलर्जी आहे.' पत्ते पिसल्याचा तो फर्रर्र आवाज किचनपर्यंत येतो आणि मी नळ मोठा सोडते, ते कशासाठी हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. तुमच्याबद्दल त्याला एवढंच माहीत आहे, की सासरे टेलिफोन खात्यात होते आणि लवकर गेले.

तुम्ही मला पहिल्यांदा कधी नेलंत ते आठवत नाही. आठवतं ते एकदम मधूनच सुरू होतं. रविवारची दुपार आहे, आई ओटा आवरतेय, आणि तुम्ही म्हणता, 'चल गं, एक चक्कर मारून येऊ.' मी स्कूटरवर पुढे उभी राहते. बसस्टँडच्या मागच्या लॉजचा लोखंडी जिना, वर कुरकुरणाऱ्या पंख्याची खोली, फरशीवर सतरंजी, त्यावर पाच-सहा काका. दोघे तुमच्या ऑफिसातले, एक लाकडाच्या वखारीचे मालक. सगळे माझ्याशी गोड बोलतात, कुणीतरी खालून लिंबू सोडा मागवतं. मी नऊ वर्षांची आहे. तुमच्या डाव्या गुडघ्याला टेकून बसायचं, हे माझं काम. पत्ते वाटून झाले की ते उचलण्याआधी तुम्ही माझा हात धरून त्यांच्यावर ठेवता. 'हिला हातगुण आहे,' तुम्ही सगळ्यांना सांगता. हातगुण डॉक्टरला असतो, सुईणीला असतो, हे मी आजूबाजूच्या बायकांकडून ऐकलेलं. तसं काहीतरी माझ्या हातालाही आहे, याचा मला इतका अभिमान वाटायचा की शाळेत मी उजव्या हाताने खडू धरायलाही कचरायचे, झिजेल म्हणून. आणि तितकीच भीती वाटायची. कारण पत्ते उचलताना तुमचा चेहरा बदलायचा, बाबा. डोळे बारीक व्हायचे, जबडा एका बाजूला सरकायचा. त्या चेहऱ्याला मी दिसत नसे. मी गुडघ्याला टेकलेली असे, माझा हात तुमच्या हातात असे, आणि तरी तुम्हाला मी दिसत नसे.

एकदा जिंकलात तेव्हा येताना मला लाल सँडल घेतलेत, बक्कलवाले. आईनं ते उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. आठवड्यानं ते भांडीवाल्या मावशींच्या मुलीच्या पायात दिसले. मी रडेन असं सगळ्यांना वाटलं, पण मला सुटल्यासारखं झालं.

मग तो रविवार. वखारवाले काका समोर बसले होते आणि त्यांच्या पाठीमागे लॉजच्या चादरी ठेवायचं काचेचं कपाट होतं. दुपारी खिडकीतून तिरपं ऊन आलं की त्या काचेत काकांच्या खांद्यावरून त्यांच्या हातातले पत्ते दिसायचे, फक्त मला, कारण मी तुमच्याहून खाली, बाजूला बसलेली असायचे. हे मला बरेच रविवार माहीत होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी काचेत तीन राण्या होत्या. एकेक जण पत्ते टाकत गेला, तुम्ही दोघंच उरलात. तुम्ही चाल वाढवत होता आणि मी तीन राण्यांकडे बघत होते. एकदा तुम्ही माझा हात घेऊन पुन्हा पत्त्यांवर दाबलात, जोरात, अंगठी रुतेल इतका. मी काही बोलले नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मला मारलं असतंत की पेढा दिला असतात, ते मला आजही ठरवता येत नाही. मला फक्त घरी जायचं होतं. तुम्ही हरलात की आपण घरी जातो, एवढं मला कळत होतं.

त्या दिवशी आपण चालत घरी आलो. स्कूटर तिथेच राहिली. तुम्ही पुढे, मी मागे, आणि पोस्टाच्या कोपऱ्यावर तुम्ही मागे न बघता म्हणालात, 'आज लक्ष कुठे होतं तुझं?' एवढंच. आवाजही चढवला नाहीत. आईनं स्कूटरचं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिथे स्कूटर लावायचो त्या जागेवर तिनं मोठीच्या मोठी रांगोळी काढली. त्यानंतर तुम्ही मला कधी नेलं नाहीत. मला वाटलं, माझ्या हातातलं जे होतं ते संपलं.

आता इथलं सांगते. बेलव्ह्यूहून उत्तरेला तासभर ड्राइव्ह केलं की इथल्या मूळ रहिवाशांपैकी एका जमातीची जमीन लागते. त्यांची स्वतःची शाळा आहे, स्वतःचे पोलीस आहेत, क्लिनिक आहे, आणि हायवेला लागून मोठा कॅसिनो आहे. मी त्या क्लिनिकमध्ये डायलिसिसची नर्स आहे. नोकरी घेताना कॅसिनो दिसला नव्हता असं नाही. मी रोज हायवेवरून त्याच्या एक एक्झिट आधी वळते. चार मिनिटं जास्त लागतात, पण त्याच्या दारावरून जावं लागत नाही. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत ते लोक आमच्याकडे आठवड्यातून तीनदा येतात, चार-चार तास खुर्चीत बसतात, मशीन त्यांचं रक्त धुऊन परत देतं. आणि त्यांत ती होती. सत्तरीची, रुंद चेहऱ्याची, वेणी घालणारी, जिला लहानथोर सगळे आँटी म्हणतात. पहिल्याच दिवशी तिनं माझा बिल्ला वाचून विचारलं, 'तू त्या खऱ्या इंडियातली? अगं, तो खलाशी तुला शोधायला निघाला होता. रस्ता चुकला आणि आमच्या डोक्यावर बसला.' आणि स्वतःच खोकला येईपर्यंत हसली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. ती माझ्याशिवाय कुणाला सुई टोचू द्यायची नाही. 'हिच्या हातची सुई कळतच नाही,' ती शेजारच्या खुर्चीला सांगायची. 'लकी हँड आहे हिचा.' ती हे कौतुकानं म्हणे, आणि प्रत्येक वेळी मी ग्लोव्ह नीट करायच्या निमित्तानं मान खाली घाली.

या वसंतात एका शुक्रवारी ती आली नाही. सोमवारी सकाळीही खुर्ची रिकामी. म्हणजे बुधवारपासून पाच दिवस. बाबा, पाच दिवस डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं, रक्तात पोटॅशियम चढतं, आणि माणूस बोलता बोलता हृदय थांबून जाऊ शकतो. फोन उचलत नव्हती. क्लिनिकची व्हॅन तिची भाची चालवते, चाळिशीची, कमी बोलणारी बाई. ती म्हणाली, 'कुठे आहे ते मला माहीत आहे. मी सांगून ऐकत नाही. तू चल.' मी म्हटलं, कुणी दुसरं जाऊ दे. ती माझ्याकडे बघत राहिली. 'तुझं ऐकते ती. जायला काय होतंय तुला?' काय होतंय ते कसं सांगणार होते? व्हॅन कॅसिनोसमोर थांबली. दार आपोआप उघडलं आणि आतला गार वारा, सिगारेटचा वास आणि शेकडो मशीनांचा तो किणकिणाट एकदम अंगावर आला. भाची गार्डशी बोलायला थांबली. मी एकटी पुढे गेले. सकाळचे दहा वाजले होते आणि आत कुठलीच वेळ नव्हती. खिडकी नाही, घड्याळ नाही. रांगेच्या रांगा म्हाताऱ्या माणसांच्या, आणि प्रत्येकाच्या तोंडावर उजेड. आणि त्या प्रत्येक तोंडावर, बाबा, तुमचा तो चेहरा. मला वाटलं, वळावं आणि पळत सुटावं.

ती कोपऱ्यात होती. बुटांच्या नाड्या सोडलेल्या, कारण पाय सुजून बुटांत मावत नव्हते. मी शेजारच्या स्टुलावर बसले आणि तिचं मनगट धरलं. नाडी मंद होती, मध्येच एक ठोका चुकत होता. याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, 'आँटी, चल. आत्ताच्या आत्ता.' ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, 'आलीस? बरं झालं. जरा इथे हात ठेव. तुझ्या हातानं दाब.' आणि तिनं माझा हात धरून बटणावर ठेवला.

मी उठायला हवं होतं. फोन खिशात होता. मी बटण दाबलं. चित्रं फिरली, थांबली, काही लागलं नाही. 'अजून एकदा,' ती म्हणाली. मी पुन्हा दाबलं. भीती होती, हो. पण तिच्या खाली आणखी काहीतरी होतं, जे मला नऊ वर्षांची असल्यापासून ओळखीचं होतं. चित्रं फिरत असतात तेवढा वेळ काहीच ठरलेलं नसतं. तेवढा वेळ कुणी तुम्हाला विचारू शकत नाही, लक्ष कुठे होतं. किती वेळा दाबलं माहीत नाही. तिचा दुसरा हात खुर्चीच्या हातावरून घसरून खाली लोंबला तेव्हा मी भानावर आले. ओरडले. भाची धावत आली, गार्डनं लोकांना बाजूला केलं, मी अँब्युलन्ससाठी नऊ-एक-एक लावला. फोनवर वेळ दिसली. मी बसल्यापासून अकरा मिनिटं झाली होती.

अँब्युलन्समध्ये तिच्या छातीवरच्या वायरींकडे बघत मी देवाला जे काही कबूल केलं त्यातलं निम्मं आता आठवत नाही. ती वाचली. हॉस्पिटलात तातडीनं डायलिसिस केलं, दोन दिवस आयसीयूमध्ये राहिली, आणि तिसऱ्या दिवशी जेलीची तक्रार करायला लागली. डॉक्टर मला म्हणाले, 'तू वेळेवर पोचलीस.' आणि क्लिनिकच्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं, पेशंट सापडताच फोन केला. बाबा, पंधरा वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा खोटी वेळ लिहिली.

त्या दिवशी हॉस्पिटलातून परत येताना व्हॅनमध्ये मी भाचीवर चिडले. भीती अशीच बाहेर पडते माझी. म्हटलं, 'तुम्ही लोक हे बंद का करत नाही? तुमचीच म्हातारी माणसं तिथे बसतात.' तिनं गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. म्हणाली, 'ज्या खुर्चीत तू तिला बसवतेस ती कुठून आली असं तुला वाटतं? माझे वडील डायलिसिसला नव्वद मैल जायचे, आठवड्यातून तीनदा. एका डिसेंबरात बर्फ पडत होता आणि ते पोचले नाहीत. कॅसिनो झाला, मग त्याच्या पैशातून क्लिनिक झालं. बंद कर म्हणणं सोपं आहे.' तिनं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मग हळू आवाजात म्हणाली, 'आणि तिला तिथून उठवायला मीच जाते. दर वेळी वाटतं, आज मेलेली सापडेल. मलाही भीती वाटते. तुला एकटीलाच वाटते असं समजू नकोस.'

आँटी परत खुर्चीत आली त्याला दोन आठवडे झाल्यावर मी तिला विचारलं, का जातेस. मशीन घरघरत होतं, तिच्या मांडीवर रजई होती. ती म्हणाली, 'माझी मुलगी गेली गेल्या वर्षी. लोक भेटतात, चेहरा वाकडा करून विचारतात, कशी आहेस. त्या मशीनसमोर मला कुणी बघत नाही. म्हणून जाते.' मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'तू किती वेळ बसली होतीस ते मला माहीत आहे. मी शुद्धीवर होते.' माझ्या हातातलं टेपचं रीळ खाली पडलं. मला वाटलं, संपलं सगळं. पण ती तक्रार करत नव्हती. 'कुणी शिकवलं तुला?' तिनं विचारलं. आणि मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी. लॉज, सतरंजी, काचेतल्या तीन राण्या, पोस्टाचा कोपरा, सगळं. परक्या भाषेत सांगायला सोपं गेलं. मला वाटलं, ती म्हणेल तुझी चूक नव्हती. इथे सगळे तसंच म्हणतात. ती चिडून म्हणाली, 'नऊ वर्षांच्या पोरीला एकटीला बसवलं? आणि मागे गाणारं कुणीच नव्हतं?' मला काही कळलं नाही. कसलं गाणं? तिनं मान हलवली, जणू मला लहानपणी जेवायलाच मिळालं नाही असं काहीतरी मी सांगितलं होतं, आणि म्हणाली, पाय गार पडलेत, दुसरं पांघरूण दे.

त्यांचा एक जुना खेळ आहे, बाबा. हाडांचा. तिच्या आजीच्या तरुणपणी सरकारी माणसं तो बंद पाडायची, हाडं काढून घ्यायची. आजी ती तान्ह्या बाळाच्या दुपट्यात लपवायची. दोन गावांत भांडण झालं की लढाईऐवजी हा खेळ खेळून मिटवायचे, असं ते सांगतात. लग्नात खेळतात, उन्हाळ्यातल्या मेळ्यांत खेळतात, आणि माणूस गेल्यावर वर्षानं सगळे जमतात तेव्हाही. आँटीच्या मुलीचं वर्ष गेल्या शनिवारी होतं. 'ये,' ती म्हणाली. 'आमच्या बाजूला बस. मशीनसमोर मला कुणी बघत नाही. इथे सगळे बघतात. दोन्ही लागतं माणसाला, पण सवय याची लागलेली बरी.' मी येत नाही म्हटलं. मग शुक्रवारी तिनं पुन्हा विचारलं तेव्हा हो म्हटलं. नवऱ्याला सांगितलं, पेशंटच्या घरी श्राद्धासारखं काहीतरी आहे. खोटं नव्हतं ते.

मांडवाखाली समोरासमोर दोन लांब बाक होते. मधल्या घोंगडीवर दोन्ही बाजूंनी लावलेलं ठेवायचं: शाली, ब्लँकेट, नोटा, कुणी चांदीचं कडं. काही लावल्याशिवाय बसता येत नाही, असं भाची म्हणाली, तेव्हा मी गळ्यातली शाल काढून ठेवली. खेळ इतका साधा की हसू येईल. दोन छोटी, गुळगुळीत हाडं; एकाला काळी पट्टी, एक कोरं. दोन मुठींत लपवायची, आणि समोरच्यानं कोरं कुठल्या मुठीत आहे ते हातानं दाखवायचं. पण ज्याच्या हातात हाडं असतात त्याची सगळी बाजू तोवर गात असते. ढोल असतात, काठ्यांनी समोरची फळी वाजवतात, प्रत्येक घराण्याचं आपलं गाणं असतं. समोरची बाजू ओरडते, चिडवते, डोळ्यांत डोळे घालून बघते. आणि आँटीनं व्हीलचेअरमधून वाकून ती हाडं माझ्या ओंजळीत टाकली.

एक हाड माझ्या बोटांतून निसटून मांडीवर पडलं. समोर टोपीवाला म्हातारा होता, ओळखायचं काम त्याचं. त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, याला सगळं दिसतंय. मुठी दिसताहेत, अकरा मिनिटं दिसताहेत, रिपोर्टवरची वेळ दिसतेय. मागे पन्नास माणसं गात होती. फळीचा ताल माझ्या गुडघ्यांतून वर चढत होता. त्यानं हात दाखवला. बरोबर. पहिल्याच खेपेला मी पकडली गेले. माझे खांदे आपोआप वर झाले आणि मी डोळे मिटले, कारण आता कुणीतरी विचारणार होतं. कुणी विचारलं नाही. शेजारच्या बाईनं माझ्या हातातून हाडं घेतली, पलीकडे टाकली, आमचं गाणं थांबलं, त्यांचं सुरू झालं. बास. भाचीनं पाण्याची बाटली दिली. जेवताना पलीकडच्या बाजूची एक बाई माझी शाल पांघरून माझ्याच शेजारी येऊन बसली आणि स्वतःच्या ताटातला माशाचा मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला. मी रडले, बाबा. लोकांना वाटलं आँटीच्या मुलीसाठी, आणि कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी राहू दिला.

इथे थांबले असते तर हे पत्र चांगलं झालं असतं. पण जेवणानंतर हाडं पुन्हा माझ्याकडे आली. या वेळी एकही हाड निसटलं नाही. त्या म्हाताऱ्यानं उजवा दाखवला, कोरं हाड डाव्यात होतं. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि तो काय करणार ते मला आधीच कळलं. कसं ते सांगता येणार नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही. चौथ्या वेळी तो चुकला तेव्हा आमची सगळी बाजू उभी राहून गात होती आणि मला गाणं ऐकू येत नव्हतं. आँटी कुठे बसली आहे ते मला माहीत नव्हतं. माझा जबडा एका बाजूला सरकलेला होता. तो मी हातानं चाचपून बघितला. नंतर दुसऱ्या कुणाच्या हातात हाडं गेली, आम्ही हरलो, सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले. आँटी म्हणाली, 'सुरुवातीला छान बसली होतीस.' सुरुवातीला, असं म्हणाली.

त्या दिवसापासून मला जे झालंय त्याला भीतीशिवाय दुसरा शब्द नाही. सुई टोचताना मी स्वतःच्या हाताकडे बघते. हा हात कुणाचा आहे? तुम्ही सतरंजीवर बसायचात तेव्हा तुम्हाला आम्हाला दुखवायचं नव्हतं, हे मला आता कळतं, आणि हे कळणं मला नको होतं. इतकी वर्षं तुमच्यावर रागावणं सोपं होतं. तो राग एखाद्या कुंपणासारखा होता, त्याच्या अलीकडे मी होते. आँटीला विचारलं, ही ओढ जाते का? तिनं मशीनकडे बघितलं, आपल्याच रक्ताकडे, आणि म्हणाली, 'माझी गेली तर तुला कळवीन.' सध्या ती कॅसिनोत जात नाही. भाची तिला रोज संध्याकाळी घरी जेवायला नेते. मी मात्र त्या आधीच्या एक्झिटला वळायचं विसरायला लागलेय.

हे मी क्लिनिकच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत, नको असलेल्या फॉर्मांच्या पाठीवर. आमच्याकडे पेशंटची नावं असलेले कागद टाकायला कुलूपबंद पेटी आहे. आठवड्यातून एकदा त्यांचे तुकडे होतात. त्यांतच हेही जाईल. त्याआधी एक सांगून टाकते. पुढच्या महिन्यात डोंगरापलीकडे दुसऱ्या जमातीच्या जमिनीवर हाडांच्या खेळाची मोठी स्पर्धा आहे, कॅसिनोच्याच हॉलमध्ये, शुक्रवारपासून तीन दिवस. मी घरी सांगितलंय की आँटीला जायचंय आणि तिला नर्सची सोबत लागेल. नवरा म्हणाला, 'चांगलं काम करतेस यार तू.' आँटी येणार नाहीय. शुक्रवारी तिचं डायलिसिस आहे, आणि तिला मी विचारलेलंसुद्धा नाही. हॉटेलची खोली मी एकटीसाठीच बुक केली आहे.